रहीमभाईंचा मळा

बोरखेडा, तालुका गंगापूर
८ जुलै १९६२

चि. बद्रीनाथ यास आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इथं आम्ही सगळे धड आहोत. माझ्या पुंजारामची बाजरी बरी उगवलीय. आशाला सांग, तिनं गुलमंडीतून धाडलेलं लुगडं लई टिकाऊ निघालं. तुझं पोट कमी झालं का ते तू लिहीत नाहीस, म्हणजे झालेलं नाय.

आता कामाचं. आमच्याकडं पाच गावांची मिळून न्यायपंचायत व्हायचीय. प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीनं एकेक पंच निवडून द्यायचा. कुणाचं ढोर कुणाच्या रानात शिरलं, कुणी कुणाची भांडी नेली, कुणी कुणाला मारलं, असल्या फिर्यादी हे पाच जण ऐकणार आणि दंडही करणार. गावातून कारभारीचं नाव पुढं आलंय.

कारभारी म्हणजे रहीमभाईंचा मळा कसतो तोच. तुला थोडं ठाऊक आहे, पण तू तेव्हा शहरात शिकत होतास म्हणून सगळं सांगते. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत रहीमभाई बैलगाडी घेऊन गंगापूरच्या बाजाराला गेले. बैल आपले आपण घरी आले, माणूस आला नाय. त्यांची लेक वहिदा तेव्हा पाळण्यात होती, आता माझ्या खांद्याला लागते. मळ्यात राबायला नवरा राहिला नाय म्हणून मुनिरानं तो कारभारीला बटईनं दिला. आधी अर्धं धान्य यायचं, मग पायलीभर, आता दाणा नाय. आणि गेल्या पाडव्यापासून हा चावडीवर बोलतो की, रहीम पाकिस्तानात गेलाय आणि जाताना मळा मला तोंडी विकून गेलाय.

हाच माणूस पंच झाला तर मुनिरानं दाद कुणाकडं मागायची? म्हणून मी उभी राहते. ग्रामसेवक म्हणतात, पंचाला लिहिता-वाचता आलं पाहिजे. गावच्या बायांत ते मलाच येतं. तू शाळेत दिवसभर उर्दू शिकून यायचास आणि सुट्टीत कोळशानं भिंतीवर मला मराठी बाराखडी काढून द्यायचास, त्याची कमाई.

पंचायतीत नऊ जण, त्यात साळूबाई आणि भागूबाई. दोघी बैठकीला कधी गेल्या नायत, शिपाई घरी येऊन अंगठा नेतो. मी सांगून आले, ह्या वेळी अंगठा घरी देऊ नका, स्वतः चला. साळूबाई म्हणाली, पण बसायचं कुठं? मी म्हणाले, पुरुष बसतात तिथं.

बरोबर करते का चूक ते लगेच लिही. चूक म्हणालास तरी उभी राहीनच, पण तुझ्याकडून ऐकलेलं बरं.

आशाला आणि लेकरांना माझे मुके. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
आक्का

*

औरंगाबाद
१४ जुलै १९६२

ती. आक्कास बद्रीनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. पत्र कोर्टात पोचलं आणि मी ते बाररूममध्येच वाचलं. पोटाचा उल्लेख वाचून शेजारचे वकील हसले, कारण ते डोकावून वाचत होते.

उभी राहा. मात्र दोन गोष्टी आधी नीट समजून घे.

पहिली अशी की, न्यायपंचायतीला मळ्याचा निकाल देता येणार नाही. जमीन कुणाची, मेलेल्याचा वारस कोण, हे दिवाणी कोर्टच ठरवतं. मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुनिराभाभीला हेच सांगितलं होतं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कायदा धरून चालतो, तेव्हा दावा लाव, मळा तुझ्या आणि वहिदाच्या नावावर होईल. ती उठून आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. ती स्वतः कोर्टात येईपर्यंत मला काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. पंच झालीस की तुला मैत्रीण ठेवून चालणार नाही. मुनिराभाभीची फिर्याद तुझ्यापुढं असेल तेव्हा तिच्या ओट्यावर बसून चहा पिता येणार नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो.

आशा नमस्कार सांगते. तिचं म्हणणं, वन्सं निवडून आल्या तर पेढे मी देईन. जीव लावत आलीस, तसाच लावत राहा.

तुझा,
बद्रीनाथ

*

बोरखेडा
२९ जुलै १९६२

चि. बद्रीनाथ यास आक्काचे आशीर्वाद. वि. वि. आशाला म्हणावं पेढे काढ.

पंचायतीची बैठक शाळेत झाली. साळूबाई आणि भागूबाई दोघी आल्या आणि सगळ्यांच्या आधी येऊन जाजमावर मधोमध बसल्या. पुरुष आले ते दारात घुटमळले, मग कडेकडेनं टेकले. कारभारीनं विचारलं की बाया कशाला आल्या. भागूबाई म्हणाली, आमच्या अंगठ्याला आज हात फुटलाय.

आधी कारभारीच्या नावाला हात वर झाले, ते चार. मग माझ्या नावाला. चार हात वर आणि साळूबाईचा अजून मांडीवर. खिडकीबाहेर तिचा मालक उभा होता, तो कारभारीकडून बियाणं नेतो. ती त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, गेलं. मग तिनं पदर सावरल्यासारखा हात वर नेला आणि तो वरच ठेवला. सरपंचांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि माझं नाव लिहिलं.

साळूबाईला घरी काय ऐकावं लागलं ते ती सांगत नाय. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आली आणि म्हणाली, पुढच्या बैठकीला बोलवायला येऊ नको, माझी मी येते.

चार गावचे पंच पुरुष आहेत. शेजारच्या गावचा बन्सी हा कारभारीचा साडू. मुख्य रामकिसन, म्हातारा, कानानं मंद पण डोक्यानं नाय.

मुनिरानं माझ्यासाठी शिरखुर्मा केला होता. तो खाल्ला. अजून फिर्याद नाय, म्हणून खाल्ला.

तुझी,
आक्का

*

बोरखेडा
१२ ऑक्टोबर १९६२

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तू बोललास ते खरं झालं.

मळ्याच्या बांधावर रहीमभाईंच्या वडलांनी लावलेली सीताफळाची झाडं आहेत. मुनिरा आणि वहिदा दरसाल फळं उतरवतात. यंदाही उतरवली. कारभारीनं न्यायपंचायतीत चोरीची फिर्याद दिली, आईवर आणि लेकीवरही. गावात पुकारा झाला. वहिदा शाळेतून येताना पोरं चोर म्हणून ओरडली. तेव्हापासून ती घराबाहेर नाय.

फिर्याद आल्या दिवसापासून मी मुनिराकडं गेले नाय. चार घरं सोडून तिचं घर. ती दारात उभी राहून हाका मारते, मी मान खाली घालून पाण्याला जाते. काल तिनं वाट अडवली. म्हणाली, आपा, तुम्हीही मला चोर समजता का? मी म्हणाले, निवाडा होईपर्यंत मला विचारू नको. तिचा चेहरा असा झाला की मी घागर रिकामी घेऊनच घरी आले.

आता तू मला सांग. वहिदा माझ्या हातांवर जन्मली. रहीमभाई गेल्यावर मी कितीक महिने त्या घरात झोपायला जात होते. असल्या बाईनं ह्या फिर्यादीत पंच म्हणून बसावं का? बन्सी तर बसणारच, साडूसाठी. मला रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

दिवाळीला या. न आलास तरी उत्तर धाड.

तुझी,
आक्का

*

औरंगाबाद
१ नोव्हेंबर १९६२

ती. आक्कास नमस्कार. वि. वि. दिवाळीला येता आलं नाही, धाकटीला गोवर आला, आता उतरला. इथं सगळीकडं सरहद्दीवरच्या लढाईचं बोलणं आहे. आशानं बायांबरोबर बसून जवानांसाठी मोजे विणायला घेतलेत. ते कुणाच्या पायात बसतील हे देवालाच ठाऊक.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. बस. उठू नकोस. कारभारीला सीताफळांचं काही पडलेलं नाही. न्यायपंचायतीनं एकदा मुनिराभाभीला चोर ठरवलं की तो कागद घेऊन तो उद्या दिवाणी कोर्टात येईल आणि म्हणेल, बघा, पाच गावांच्या पंचांनी मळा माझाच मानला. तू उठलीस आणि बन्सी बसून राहिला, तर मुनिराभाभी तिथंच बुडाली. मैत्री आहे म्हणून बसू नये असं तुझं मन म्हणतं, पण समोरचा तसं मन बाळगत नाही. गावच्या निवडणुकीत सगळेच कुणाचे ना कुणाचे असतात.

हा वकिलाचा सल्ला आहे. भावाचाही तोच.

तुझा,
बद्रीनाथ

*

बोरखेडा
१९ नोव्हेंबर १९६२

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद. वि. वि. तुझा सल्ला मी मानला नाय. रागावण्याआधी पुढं वाच.

शाळेच्या अंगणात सुनावणी झाली. पाची गावांची माणसं आली होती. आम्ही पाच जण बाकावर. समोर एका बाजूला कारभारी, दुसऱ्या बाजूला मुनिरा आणि तिच्या पाठीला चिकटून वहिदा. फिर्याद वाचून झाली आणि मी उठले. म्हणाले, ह्या घरचं मीठ मी खाल्लंय, ही पोर माझ्या हातांवर जन्मलीय. माझं मन आधीच एका बाजूला आहे, म्हणून हा निवाडा मी करणार नाय. चिटणीसांनी मी उठल्याचं लिहावं आणि का उठले तेही लिहावं. आणि खाली जाऊन बायांत बसले.

कारभारीच्या तोंडावर हसू मावेना. मुनिरानं माझ्याकडं बघितलं ते अजून सलतं.

मग रामकिसननं कानावर हात धरून चिटणीसांना विचारलं, बाई काय म्हणाली? चिटणीसांनी मोठ्यानं परत वाचलं. रामकिसन बन्सीकडं वळला आणि म्हणाला, फिर्यादी तुझा कोण? बन्सी म्हणाला, कोण असा नाय, त्याची बायको माझ्या बायकोची बहीण. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. बन्सीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग रामकिसन म्हणाला, बाईचं लिहून घेतलं, तुझं काय लिहू? बन्सी उठला. त्याला उठावंच लागलं रे.

राहिले तिघं. त्यांनी मुनिराला विचारलं, झाडं कुणी लावली. ती म्हणाली, सासऱ्यांनी. कारभारीला विचारलं, तर तोही म्हातारबानं लावली म्हणाला, पण जमीन पुढं मी घेतली म्हणाला. कागद आहे का, तर नाय, तोंडी. साक्षीदार कोण, तर आता कुणी हयात नाय. तिघांनी आपसांत बोलून सांगितलं की, जमीन कुणाची हे ठरवणं आमच्या हातात नाय, ते औरंगाबादेच्या कोर्टात ठरवा. पण आपलंच झाड म्हणून जो उघड्यावर फळ तोडतो तो चोर नव्हे. फिर्याद काढून टाकली.

वहिदा तिथंच खाली बसली. मी मुनिराजवळ गेले. ती म्हणाली, आपा, तुम्ही उठलात तेव्हा मला वाटलं, हा शेवटचा माणूसही गेला. मी तिच्या घरी जाऊन चूल पेटवली आणि चहा टाकला.

आता दावा लावायचा म्हणते मी. ती अजून हो म्हणत नाय.

तुझी,
आक्का

*

औरंगाबाद
२५ नोव्हेंबर १९६२

ती. आक्कास दंडवत. वि. वि. रागावलो नाही. पत्र आशाला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, वन्सं वकील झाल्या असत्या तर तुम्ही घरी बसून मोजे विणले असते.

एक मनातलं लिहितो. इथले न्यायाधीश बदलीवर येतात, त्यांना कुणी निवडत नाही. ते कुणाचे साडू नसतात की कुणाच्या घरचं मीठ खात नाहीत. मला नेहमी वाटत आलं की न्याय असाच परका हवा, हात वर करून निवडलेला पंच कामाचा नाही. पण परक्या माणसाला उठावं लागत नाही. तू सगळ्यांसमोर उठलीस म्हणून दुसऱ्यालाही बसवेना. हे मला कोणत्याही पुस्तकात शिकवलं नव्हतं.

आता तू ह्या भांडणात पंच नाहीस, तेव्हा कोर्टात साक्ष देऊ शकतेस. मुनिराभाभी हो म्हणाली की कळव.

तुझा,
बद्रीनाथ

*

बोरखेडा
६ जानेवारी १९६३

बद्रीमामूंना वहिदाचा आदाब. अम्मी सांगते ते लिहिते, काही चुकलं तर माफ करा.

अम्मी म्हणते, दावा लावा. शाळेतली मुलं मला चोर म्हणाली त्या दिवसापासून तिच्या मनात होतंच, पण तोंडातून निघत नव्हतं. तिची एक अट आहे. कोर्टात अब्बा मेले असं ती आपल्या तोंडानं म्हणणार नाही. कुणी कितीही विचारलं तरी नाही. असं चालणार असेल तर ती येईल, नसेल तर मळा गेला तरी चालेल.

माझ्याकडून एक विचारते. शरीयतप्रमाणं अम्मीला आठवा हिस्सा आणि बाकी माझं, असं मौलवीसाहेब म्हणतात. मला अम्मीपेक्षा जास्त नको. सगळं दोघींचं सारखं असं लिहिता येतं का?

आशामामींना सलाम. आमच्यावर नजर असू द्या.

वहिदा

*

औरंगाबाद
३ ऑगस्ट १९६३

ती. आक्कास नमस्कार. वि. वि. तू साक्ष देऊन खुरपणीसाठी परत गेलीस ते बरंच झालं. काल मुनिराभाभीची साक्ष झाली. तू इथं असतीस तर मध्येच बोलली असतीस आणि साहेबांनी तुला बाहेर काढलं असतं.

त्या दोघी आदल्या दिवशी आल्या. आशानं जेवू घातलं. भाभी कोर्टात उभी राहिली. कारभारीचे वकील मोठे, आवाजही मोठा. त्यांनी विचारलं, तुझा नवरा जिवंत आहे की मेला, एका शब्दात सांग. मेला असेल तर मयत कुणी बघितली, कबर कुठं आहे? जिवंत असेल तर तू त्याची वारस कशी?

मी हरकत घ्यायला उठलो. पण भाभीनं माझ्याकडं न बघता हातानं थांबवलं आणि बोलायला लागली. म्हणाली, मेला असं मी म्हणणार नाही, मी बघितलं नाही. पण ते जिवंत असते तर आले असते, एवढं मला माहीत आहे. लेक पाळण्यात होती. तिला थोडा ताप आला तर हा माणूस पेरणी टाकून घरी यायचा. तो कुठं पाकिस्तानात सुखानं राहतोय, असं म्हणणाऱ्यानं त्याला ओळखलंच नाही. त्यांची चिठ्ठी नाही, निरोप नाही, कुणाला दिसले नाहीत. ते आले नाहीत. ह्याला तुमच्या कायद्यात जो शब्द असेल तो तुम्ही लिहा. मला म्हणायला लावू नका.

न्यायाधीश आतापर्यंत खाली बघून लिहीत होते, त्यांनी मान वर केली आणि सांगितलं की, बाईंना आणखी ह्यावर विचारू नका, कायद्याला जेवढं लागतं तेवढं त्यांनी सांगितलंय. मग कारभारीला बोलावलं. मी विचारलं, पाकिस्तानातून पत्र आलं का? नाही. रहीमला तिथं बघितलेला कुणी आहे का? नाही. मग कुणाकडून कळलं? तो म्हणाला, लोक म्हणतात.

बाहेर आल्यावर भाभी पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. वहिदानं तिला पाजलं. मी इतकी वर्षं कोर्टात उभा राहतोय, पण काल घरी आल्यावर आधी तिची साक्ष वहीत उतरवून घेतली.

निकालाला काही महिने लागतील. वहिदाला सांग, निकाल झाल्यावर ती आपला हिस्सा अम्मीला देऊ शकेल, पण आधी मोठी हो म्हणावं.

आमच्याकडं बघत राहा, आक्का.

तुझा,
बद्रीनाथ

*

बोरखेडा
२२ डिसेंबर १९६३

चि. बद्रीनाथ यास आक्काचे आशीर्वाद. वि. वि. निकालाची तुझी तार पुंजारामनं गंगापूरहून आणली. मी ती घेऊन मुनिराकडं गेले. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सांगितलं, कोर्टानं तुमच्या बाजूनं निकाल दिला, मळा तुझा आणि वहिदाचा.

ती पाखडतच राहिली. मग म्हणाली, म्हणजे आता ते मेले? मी म्हणाले, कोर्टानं तसं धरलंय.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, आपा, पंधरा वर्षं मी रडले नाही. रडले असते तर ते मेलेच ठरले असते. आणि मग ती जी रडली, बद्री, मी गावात कितीक मयती बघितल्या, पण असं रडणं ऐकलं नाय. वहिदा घाबरून भिंतीला लागली. मी मुनिराला धरून बसले. रडू नको असं मला म्हणवेना. तिच्या वाटचं ते रडणं होतं.

गल्लीतल्या बाया आल्या. भागूबाईनं अंगण झाडलं, साळूबाईनं वहिदाला जवळ घेतलं. अन् दिवस कलताना कारभारीची बायको आली, हातात झाकलेल्या भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाय, म्हणून आणल्या होत्या. ती दारातच उभी राहिली. मुनिरानंच डोळे पुसले आणि तिला आत बोलावलं.

आता मुनिरा इद्दतीत बसलीय, नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाय. तलाठ्यानं मळ्यावर दोघींची नावं लावायला घेतली. कोर्टाच्या हुकमानं कारभारीनं मळा रिकामा केला त्या सकाळी वहिदा एकटी गेली. पुंजाराम औत घेऊन मागं गेला, तर म्हणाली, दादा, धरायला शिकवा, चालवीन मी. औताचं पहिलं तास वाकडं गेलं. तिनं ते मोडलं नाय, शेजारी दुसरं धरलं.

कारभारी वरच्या कोर्टात अपील करणार म्हणतो. मी ते मुनिराला सांगितलं. तिनं आतूनच उत्तर दिलं की करू दे. माझी इद्दत संपली असली तर मी येईन, नसली तर वहिदा उभी राहील, तिला बोलता येतं.

तेव्हा तू कागद तयार ठेव, आणि आशाला आमच्या सगळ्यांचा रामराम आणि सलाम सांग. तुमच्या घरी आमच्यासाठी जागा आहे तशी राहू दे.

तुझी,
आक्का